सत्तावीस अंश

बाहेर उणे एकतीस.
विनिपेग सरोवर काठापासून क्षितिजापर्यंत गोठलेलं,
आणि हॉल्डोराच्या शेडमध्ये आम्ही दोघं
बनियनवर, घामाघूम,
तीन हीटर लावून बसलोय
एका पारदर्शक घुमटाच्या अंगात ऊब यावी म्हणून.

थंडीत अ‍ॅक्रिलिक आडमुठं होतं.
सत्तावीस अंशांच्या खाली त्याला ड्रिल दाखवायचंसुद्धा नाही,
ती म्हणते,
शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करताना
तीस हिवाळे ज्या आवाजात पोरांना दरडावायची
त्याच आवाजात.

मागच्या मार्चमध्ये तिनंच घाई केली.
एकवीस अंश. म्हणाली, चालतंय.
चौतिसाव्या भोकाला आवाज आला,
मोठा नाही,
भातात दाताखाली खडा यावा तेवढाच.
मग चीर निघाली,
निवांत, आमच्या डोळ्यांदेखत,
काही विकत घ्यायचं नसताना
कुणी बाजारातून हिंडावं तशी
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सव्वा वर्षाची बचत.
हॉल्डोरानं ड्रिल पुसलं, खोक्यात ठेवलं,
घरात गेली आणि बटाटे सोलत बसली.
आठवडाभर पुरतील इतके.

ती फुटकी कॅनपी आता माझ्या परसात
टोमॅटोच्या वाफ्यावर पालथी आहे.
गेल्या उन्हाळ्यात
अख्ख्या रस्त्यात माझे टोमॅटो आधी पिकले.
चार तिला नेऊन दिले, चोरट्यासारखे.
तिनं मीठ लावून उभ्याउभ्याच खाल्ले,
म्हणाली, महाग आहेत.

आज दुसरी.
चौकटीवर ठेवतो, उचलतो, ठेवतो.
अकरा वेळा झालं.
डावीकडे काडेपेटीच्या काडीइतकी फट,
उजवीकडे नखही शिरत नाही.
ती रेघ मारते,
आणि रेघेच्या अलीकडेच थांबून
कानस फिरवते, जिभेचं टोक ओठात धरून.
पांढरा भुसा तिच्या भुवयांवर बसतो.
मी दुसरं टोक धरणारा माणूस.
धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं
ट्रकांचं वजन केलं;
तिथे पोतंभर इकडेतिकडे चालायचं.

स्क्रूपेक्षा भोक मोठं ठेवायचं असतं
हे मला ठाऊक नव्हतं.
का?
"वर गारठा, ही आकसणार.
उन्हात उभी राहिली की फुगणार.
खालचा धातू आपल्या चालीनं चालतो.
हलायला जागा ठेवली नाही
तर तडा ठरलेला."
मला वाटलं, आता ती पुढे काहीतरी बोलेल.
तिच्या सुटकेसचं, बर्टीलच्या घराचं,
काहीतरी.
ती म्हणाली, ओरेस्ट, हीटर अलीकडे सरकव.

विमानाला खुर्ची एकच आहे.
हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे;
पहिल्या दिवशी मीच तर
नकाशावर कॉफी सांडली होती.
पण आतून कडी लावायला कुणीतरी हवं
आणि बाहेरून फट बघायला तिचे डोळे,
म्हणून आज मी आत बसलो,
गुडघे हनुवटीपाशी घेऊन.
घुमट खाली आला.

टक्.

हीटरची घरघर गेली.
ट्यूबलाइट वाकली, धनुष्यासारखी.
सरोवरावरचा वारा पत्र्याला धडका देत असणार,
तो गेला.
एक माझा श्वास राहिला, आणि समोर
त्यानंच धरलेलं धुकं.
धुक्यापलीकडे हॉल्डोराचा चेहरा,
इतका जवळ
की डाव्या गालावरची भाजल्याची खूण
मला प्रथमच दिसली.
तिचे ओठ हलले.
पुन्हा हलले.
मी मान डोलावली, जोरात,
जे काही असेल त्याला हो म्हणून.

कडी काढली तेव्हा
सगळा आवाज एकदम अंगावर आला.
"काय म्हणत होतीस?"
ती अजून कडेवरून बोट फिरवत होती,
बघायचं राहिलेलं काही सापडतंय का म्हणून.
"विचारत होते," ती म्हणाली,
"की ऐकू येतंय का."