करडी साळुंकी

येनाच्या एका स्टेशनाचं नाव पाराडीज, म्हणजे स्वर्ग.
गाडी दोन मिनिटं थांबते.
इर्मेलाबाई म्हणतात, पुरे की,
उतरणाऱ्यालाही आणि चढणाऱ्यालाही.

त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात.
सज्जातून चुनखडीचे डोंगर दिसतात, बोडके, पांढरट,
अलीकडे त्यांना ते ढगच वाटायचे.

एकतीस वर्षं त्यांनी भिंगं घासली.
"घासली नाहीत," त्या मला दुरुस्त करतात,
"घासायला यंत्र होतं. मी झिलई दिली."
राळेच्या साच्यावर, गेरूसारख्या लाल चिखलात,
लाकडी मुठीवरच्या अंगठ्याला
आता पुरे
असं कळेपर्यंत.
अंगठ्याला ते कसं कळतं,
हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

मग तपासनीस वर जोखकाच ठेवायचा.
कड्या उमटायच्या, कोंबड्याच्या मानेसारख्या,
हिरव्या, जांभळ्या, पुन्हा हिरव्या.
कडी जरा वाकडी, की भिंग परत.
"जरा म्हणजे किती?"
"केसाचे दोनशे भाग कर. त्यातला एक."

कुठे गेली ती सगळी?
एखादं वेधशाळेत. काही रणगाड्यांत.
पत्ता आम्हाला सांगत नसत.
भिंगाचं काय,
ज्याच्या डोळ्याला लावाल त्याचं.

एक्याण्णव साली पत्र आलं, दोन ओळींचं.
बायकांनी खिडकीतल्या निवडुंगाच्या कुंड्या खोक्यात भरल्या.
इर्मेलाबाईंनी एप्रनच्या खिशातून
एक नापास भिंग घरी आणलं, पोटात बुडबुडा असलेलं.
त्यांच्या आयुष्यातली एवढीच चोरी.
त्यातून त्या विजेचं बिल वाचायच्या,
आणि बुडबुडा नेमका आकड्यावर यायचा.

यंदा बिल दिसेना, भिंगातूनही.
आपण त्याला मोती म्हणतो,
त्यांच्या भाषेत तो शब्द साळुंकीचाही.
करडी साळुंकी.
"दोन आहेत," त्या म्हणाल्या,
"दोन्ही खिडक्यांत बसल्यात. उठत नाहीत."

सोबतीला कुणीतरी हवं म्हणून मी गेलो.
डॉक्टर थुई तरुण, बोटं बारीक,
ट्रेमधलं ते भिंग तांदळाच्या दोन दाण्यांएवढं,
घडी घालता येईल असं.
इर्मेलाबाई तिच्या हातांकडेच बघत राहिल्या,
जेवढं दिसत होतं तेवढं.
मग म्हणाल्या, माझ्या शेजारच्या बाकावर होआ होती,
तुमच्याकडचीच. पोटुशी राहिली तर परत पाठवत,
म्हणून मी तिला माझा मोठा एप्रन दिला होता.
सातव्या महिन्यापर्यंत कुणाला कळलं नाही.
तुम्ही तिच्या तर नाही?

"नाही हो," डॉक्टर हसली.
"माझी आई आपोल्डाला. स्वेटरच्या कारखान्यात."

"असू दे," इर्मेलाबाई म्हणाल्या,
"एप्रन तसलाच असणार."
आणि मग, आडवं पडता पडता,
"याला झिलई कुणी दिली?"
"साच्यात ओततात. हात लागत नाही."
त्या काही बोलल्या नाहीत.
चादरीखाली त्यांचा अंगठा
हळूहळू गोल फिरत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
येताना त्यांनी मला बाजारचौकात थांबवलं.
नगरगृहाच्या घड्याळावर ते कुरूप डोकं आहे,
दर ठोक्याला सोन्याच्या गोळ्यासाठी तोंड उघडतं,
गोळा कधीच मिळत नाही.
बारा वाजले. बारा वेळा आ.
इतकी वर्षं बघतोय आम्ही, कुणी हसत नाही आता.
त्या हसल्या.
"दात आहेत की त्याला! मी विसरलेच होते."

डोळ्यातलं भिंग त्यांना कधी दिसणार नाही.
चांगलं भिंग दिसत नसतंच, त्याच सांगायच्या,
दिसलं तर ते नापास.

घरी पोचल्यावर आधी खिडकीपाशी गेल्या,
काचेवरून बोट फिरवलं, बोट मला दाखवलं.
"एवढी धूळ," म्हणाल्या,
"आणि तू दोन वर्षं इथं बसून कॉफी पितोस.
एका शब्दाने बोलला नाहीस."

मी बादली भरली.
डोंगर आपल्या जागी होते.