साडेआठनंतर, दाभोळ

गाडी वस्तीची.
धक्क्याजवळ ती लावून परकार ड्रायव्हर
बांगड्याचं कालवण-भात खातो
आणि डासांना शिव्या देत
मागच्या लांब सीटवर आडवा होतो.
मी हिशोब जुळवतो, वेबिल मिटतो,
चिल्लरची पिशवी काखेत मारतो
आणि वाचनालयाच्या पायऱ्या चढतो.

भाटकरबाई साडेसातला घरी जातात.
त्यानंतर दाराला कार्ड दाखवायचं.
पहिल्या दिवशी तीनदा दाखवलं, तीनदा लाल.
पास विसरलेल्या पोरांना माझ्यासमोर उभं राहताना
काय वाटत असेल, ते तिथं पायरीवर कळलं.
कार्ड उलटं धरलं होतं.

आत कुणी नाही.
म्हणजे बाईंची खुर्ची आहे, तिच्यावर विणलेली उशी,
आणि जागोजागी त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या:
ओली छत्री बाहेर.
फणस खाऊन आल्यास आधी हाताचा चीक काढावा.
पाल दिसल्यास ओरडू नये, ती जुनी सभासद आहे.

एकवीस वर्षं मी माणसांना विचारत आलो, कुठं?
इथं मला कुणी विचारत नाही.
आधी बरं वाटलं,
मग जरा उघडं पडल्यासारखं.
तिकीट काढणारा मीच, प्रवासीही मीच.
पुस्तक यंत्राखाली धरलं की चिठ्ठी येते,
आमच्याच कागदाची, तशीच गुळगुळीत,
परतीची तारीख छापलेली.
कोपऱ्यात कॅमेरा आहे, त्याच्यावर कोळिष्टक.
तरी मी पुस्तकं जिथली तिथं ठेवतो, ताठ उभी,
आणि स्वतःही ताठच बसतो,
विनातिकीट माणूस तपासनीस चढल्यावर बसतो ना,
तसा.

दिवे माणूस हलला तरच जळतात.
मी वाचताना हलत नाही.
वाक्याच्या मध्येच काळोख होतो,
खिडकीत धोपाव्याच्या बाजूला
फेरीबोटीचा एकच दिवा उरतो.
मग मी हात वर करतो,
फाट्यावरचा माणूस भरल्या गाडीला करतो तसा,
थांबेल न थांबेल ठाऊक नसताना.
उजेड थांबतो.
दरवेळी थांबतो.
डबल बेल मारून मी असे किती हात
मागं टाकलेत, त्याचं वेबिल नाही.

परवा भरती-ओहोटीवरचं एक जाड पुस्तक काढलं.
बासष्टाव्या पानावर तिकीट.
माझ्याच मशीनचं.
शाई उडत चाललेली, पण ट्यूबकडं धरल्यावर लागलं:
दाभोळ ते नानटे, रविवार.
आजकाल अर्धं तिकीट पुष्कळांचं,
बायकांचं, म्हाताऱ्यांचं.
यावर सरळ छापलेलं: मूल १.
शाळेचा पास रविवारी चालत नाही.
म्हणजे कुणीतरी पदरचे पैसे मोडून
इथवर आलं होतं, समुद्र का चढतो ते बघायला,
समुद्र खिडकीत असताना.

मी बासष्टपर्यंत वाचलं.
चंद्र पाण्याला कसा ओढतो, तिथपर्यंत.
पुढं जायला बंदी नव्हती,
कुणी बघतही नव्हतं.
पण रांगेत पुढं घुसल्यासारखं झालं,
पान उलटेना.
तिकीट होतं तिथं ठेवलं, पुस्तक कपाटात,
आणि दार ओढून घेतलं.
दार दोनदा वाजलं. जा म्हणालं.

परकार जागाच होता.
"मिळालं का काय?"
"दुसऱ्याचं चालू होतं," म्हटलं.
तो कूस बदलून झोपला. खाली
खाडीचं पाणी धक्क्याची तिसरी पायरी चढलं होतं.

हल्ली रविवारी नानट्याला
कुणी लहान चढलं की जरा वाकून विचारतो, कुठं?
दाभोळ म्हणालं
तर सुट्या पैशांवरून काही बोलत नाही.