पाचवी नोरा

तार्तूच्या आमच्या बालवाडीत
खुंट्यांवर चार लोकरी टोप्या,
चारही नोराच्या.
हाक मारली की चार माना वळतात,
मग म्हणावं लागतं: खारीवाली नोरा, जहाजवाली,
दात पडलेली,
आणि ती, सारखी शिंकणारी.

आज पाचवी आली.
फॉर्म भरताना तोंडून गेलंच,
"दुसरं काही सुचलं नाही का हो?"

तिची आई हसली. ऑयल्मे तिचं नाव,
पणजीचं, पेटीतल्या जुन्या लोकरीसारखं टोचणारं.
जन्मभर अक्षरं सुटी करून सांगत आलेली
दवाखान्यात, बँकेत,
स्वतःच्या लग्नातसुद्धा.

"शाळेत माझ्या नावाची हाक आली," म्हणाली,
"की अख्ख्या अंगणात
मी एकटीच वळायचे."

पाचवी खुंटी ठोकली आहे.
चित्र शोधतेय.
बेडूक चालेल?