स्वखुशीने

वॉर्ड ऑफिसच्या भिंतीला टेकून
ताडपत्रीखाली बसतो टायपिस्ट घाडीगावकर.
स्टॅम्प पेपर मशीनमध्ये सरकवला,
नाव विचारलं, वय विचारलं, मयताशी नातं विचारलं,
पुढचं काहीच न विचारता
खटाखट टाईप केलं:
मी, उत्पला भागुराम कासारे,
वडिलांच्या जागी सफाई कामगार म्हणून
काम करण्यास स्वखुशीने तयार आहे,
माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

काका, यातला एक शब्द काढता येईल?
कुठला?
स्वखुशीने.
चष्म्यावरून बघत म्हणाला,
तो काढला तर कागद चालत नाही, पोरी.

आता खुशीचं सांगते.
परळच्या वसाहतीतली खोली, एकशे ऐंशी फूट,
वारस लागला नाही तर खाली करायची.
आईला जिना उतरवत नाही.
धम्मदीपने ना हरकत आधीच दिलेली,
सही करताना त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला.
मी त्याला दोष देत नाही.
माझं लॅबचं एक वर्ष राहिलंय.

आजोबांना गावात सांगायचे,
मागल्या जन्मीचं पाप, म्हणून ओढ मेलेली गुरं.
आजोबांनी दोर फेकला,
देव खाडीत सोडले,
बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले,
आणि मुंबईने त्यांच्या हातात झाडू दिला.
पुढच्या जन्माची वाटसुद्धा बघितली नाही.

बाबा घरी आले की हात तीनदा धुवायचे
आणि तरी भात चमच्याने खायचे.
आम्हाला वाटायचं,
बाबांना साहेबी आवडते.

रविवारी विहारात भंतेजी म्हणाले,
कर्म म्हणजे मनातला हेतू, हात नंतर हलतो.
आणि जो तो आपल्याच कर्माचा दायाद.
दायाद म्हणजे? मागून कोणा पोराने विचारलं.
वारस, भंतेजी म्हणाले.
माझ्या पिशवीत तेव्हा फॉर्म होता,
त्यावर ठळक अक्षरांत
वारसाचे नाव.

सगळे गेल्यावर मी थांबले.
भंतेजी, मी तर बापाच्या कामाची वारस होतेय.
यात माझा हेतू किती
आणि खोलीचा किती?
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, चहा घेणार?
बरं वाटलं मला.
उत्तर दिलं असतं तर मी तिथेच रडले असते.

तर घाडीगावकरच्या फळीवर कागद,
सुतळीने बांधलेलं पेन,
आणि पेन हवेत थांबलेलं.
किती वेळ?
त्याने पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली, तेवढा.
त्या तेवढ्यात कोणी नव्हतं,
ना आई, ना खोली, ना बाबांचा चमचा.
नाही, खोटं बोलले.
होते, सगळे होते, दाटीवाटीने.
पण पेन माझ्या बोटांत होतं
आणि सुतळीला थोडा ढील होता.

सही केली.
तो शब्द तसाच राहू दिला.
खरा करायचा की नाही
ते नंतर बघू म्हटलं.

सोमवारी साडेसहाला चौकीवर
मुकादमाने हजेरी घेतली,
झाडू दिला, घमेलं दिलं.
मी म्हटलं, हातमोजे?
स्टॉक नाही.
भागुरामने तीस वर्षांत कधी मागितले नाहीत.
मी म्हटलं, माहीत आहे मला.
आणि बाकावर बसले.

सात वाजले. गल्ली तशीच.
मुकादम एकदा ओरडला, एकदा समजावून बघितलं,
बापाचं नाव काढलं.
सव्वासातला निर्मलामावशी,
बावीस वर्षं सर्व्हिस,
झाडू भिंतीला लावून शेजारी येऊन बसली.
बोलली काहीच नाही.
आपलेच हात उलटसुलट करून बघत होती,
जसं कोणी आत्ताच आणून दिलेत.

मुकादम कपाटाची किल्ली शोधत होता.