चलानावर पंचवीस

चलानावर लिहिलंय पंचवीस.
लोखंडाला वाचता येत नाही.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, दुपारची पाळी.
पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजतंय
आणि टेम्पोतून आत्ताच उतरलेली प्लेट
हातमोज्यातूनही चावते.
"निवू दे आधी," गाजूल मिस्त्री म्हणतात,
"तापल्या मापाचा भरवसा नाही बे."
मलाही ते बेच म्हणतात, पोरांना म्हणतात तसंच.
पहिल्या आठवड्यात राग यायचा.

मागच्या महिन्यात मी चलान खरं धरलं होतं.
प्लेट निघाली अठ्ठावीस.
वर दोन मिलीमीटर सोडून थांबायचा होता कटर,
थांबला एक मिलीमीटर आत.
कुणी ओरडलं नाही.
मिस्त्रींनी तुटलेलं टोक उचललं
आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.
अजून तिथंच आहे.

आता व्हर्नियर, चार कोपरे.
पॉइंट चार. पॉइंट तीन. पुन्हा तीन.
चौथ्यावर एकदम सहा.
बोट फिरवलं तर करवतीची धार राहिलेली,
नखाला लागते, डोळ्याला नाही.
कानस मारली. सहाचे चार झाले.

आमच्या गल्लीत सूत म्हणजे मागावरचं.
इथं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
"दोन्ही सुतं विसर," मिस्त्री म्हणतात, "शतांशात बोल."

तर शतांशात.
व्हाइस पुसली, पॅरलल पुसले, फुंकर मारली,
बुरादा अडकला की तोही माप सांगतो, खोटं.
आई कारखान्यातून विड्यांची बिघडलेली लेबलं आणते,
इतकी पातळ की पलीकडचा हात दिसतो.
त्यातलं एक पॅरललवर ठेवून
टूल उतरवते, एक शतांश, एक शतांश,
कागद सरकतोय, सरकतोय,
धरला.
उणे तीनशे बारा पॉइंट सेहेचाळीस.
मग प्लेट बसवून, वरच्या अंगावर, तोच कागद.
उणे दोनशे सत्याऐंशी पॉइंट शून्य नऊ.

पंचवीस पॉइंट सदतीस.
कागदाची जाडी वजा करायला गेले
तर मिस्त्री हसले,
"दोन्हीकडं होता ना? मग गेला की आपोआप."

खरंच. खाली होता, वर होता,
उत्तरात कुठंच नाही.

आई या वेळेला हजारातल्या शेवटच्या
शे-सव्वाशे वळत असेल,
चेकर छाट किती काढेल याचा हिशोब करत.

लेबल घडी घालून खिशात ठेवते.
चलानावरचं पंचवीस खोडून
शेजारी खरं लिहिते, पेन्सिलीनं.
दार सरकवते.
हिरवं बटण.