भोकाचा दगड

गावाचं नाव अजून नीट येत नाही,
तोंडात गरम घास धरून म्हणायचं असतं म्हणे.
तांबट आळीत मी नुसतं 'डेन्मार्क' सांगतो.
पोटफोडेकाका विचारतात, तिकडे तांबं काय भाव?

त्यांना सांगत नाही
की तिकडे रात्री साडेदहापर्यंत उजेड होता
आणि पडदा ओढून झोपायची मला लाज वाटायची,
कामाच्या दिवशी दुपारी आडवं झाल्यासारखी.

तीन आठवडे. खिडकीखाली खाडी, मागे बीचचं रान,
शेजारी इंगरची काचेची भट्टी.
तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग,
माझा आहे तिथेच, बोटभर वर.
बाह्या सारून एकमेकांना दाखवले.
तेवढीच ओळख.

पहिल्या दिवशी हातोडी मारली आणि थबकलो.
कसब्यात माझा ठोका कधी एकटा नसतो.
समोरून, माडीवरून, भिंतीपलीकडून
चौघे तो उचलतात, पुढे नेतात.
इथे तो खिडकीतून निघाला,
पाण्यावरून गेला,
परत आला नाही.

मग हळूच मठारत बसलो. चोरासारखा.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं.
शेजारचे म्हातारे, उंच, कोटाची सगळी बटणं लावलेली.
वाटलं, आली तक्रार,
आमच्याकडे नव्या इमारतीतून येते तशी,
सहीशिक्क्याची : दुपारी एक ते चार आवाज बंद.

त्यांनी पिशवीतून किटली काढली.
कल्हई उडालेली, पोटाला पोचा.
बोलले बरंच. मला कळला एकच शब्द, मोर.
मी हातांनी पिसारा करून दाखवला.
इंगर हसत हसत खालीच बसली.
मोर म्हणजे
त्यांच्याकडे आई.

पोचा काढायला सव्वा तास लागला.
आईच्या किटलीचा पोचा पुरता काढायचा नसतो,
हे कुणी शिकवलं नव्हतं.
थोडा ठेवला.
म्हाताऱ्यांनी अंगठा फिरवत तो शोधला,
सापडल्यावर मान हलवली.

निघताना त्यांनी हा दगड दिला.
काळा, मधोमध आरपार भोक,
समुद्रानं पाडलेलं, सामत्याशिवाय.
आता दुकानात खिळ्याला टांगलाय.
गिऱ्हाईक विचारतं, नजरेसाठी का?
मी हो म्हणतो.

एक ते चार हातोडी बंद असते तेव्हा
कधी कधी त्यातून बघतो :
इमारतीचा जिना, कुणाची तरी ओली चादर,
आणि ओट्यावर पोटफोडेकाका,
भर उजेडात
तोंड उघडं टाकून झोपलेले.