बैसा

इथल्या सुट्ट्या नाण्याला बैसा म्हणतात.
हजार बैशांचा एक रियाल.
माझ्याकडे होते अकरा रियाल
आणि घरी पैसे पाठवायचं एक अर्धकच्चं ॲप.

पाच माणसं पुरतात, असं ऐकून होते.
माणशी दोन रियाल, उरलेल्यात चहा.
रुवीत, टॅक्सीस्टँडमागच्या केरळी हॉटेलात
कोपऱ्यातलं टेबल धरलं.
जुना फोन रबरबँडनं स्टीलच्या ग्लासाला बांधला,
कॅमेऱ्यात फक्त बोटं यावीत अशा बेतानं.

परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे,
मी प्रत्येकाला सांगत राहिले.
पटलं कुणालाच नाही.

शिंपी कुंजुमोन दोन मिनिटांत पार.
त्याचे दोन रियाल द्यायला जिवावर आलं,
काही अडलंच नाही त्याचं.
सलूनवाल्या नर्गिसबाई चष्मा विसरून आल्या,
वसूल झाल्या.
तफज्जुलनं मागे जायचा बाण
सात वेळा दाबला,
दर वेळी मला सॉरी म्हणाला.
वहीत लिहिलं: सॉरी, सात. सगळी माझी.

मग परकार. क्रेन चालवतात, गाव दापोलीकडचं.
मी गमतीनं म्हटलं, "बैसा."
"किती?" ते म्हणाले.

नाव, बँक, रक्कम, सगळं बिनचूक.
शेवटी हिरवं बटण.
बोट वर तसंच राहिलं.
मदत करायची नाही, हा नियम, म्हणून मी गप्प.
एक मिनिट चाळीस सेकंद.
चहावर साय आली.

"थांब जरा पोरी, घरी विचारतो आधी."
"अहो, पैसे खोटे आहेत यातले."
"असूं दे."

स्वतःच्या फोनवरून मेहरूनला लावला.
"पन्नास पाठवतोय. नाही गं, खोटे.
इथं एक मुलगी परीक्षा घेतेय."
आणि बटण दाबलं.
हिरवी खूण आली, मोठी, मी हौसेनं केलेली.
त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"आले?" त्यांनी फोनात विचारलं.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
"आले," ती म्हणाली.

पाचवा आलाच नाही.
चहाचे तेराशे वजा जाता
एक रियाल सातशे उरले.

अक्षरं मोठी केली. बाण हलवला.
हिरव्या बटणाआधी एक पडदा घातलाय,
त्यावर काय लिहावं ते सुचत नाही.
सध्या नुसतं: थांबा.
कोड लिहिणारा यशोधन विचारतो,
किती सेकंद?